१ मे ला दुकानावर फलक लागतो, पण आतल्या माणसाला सुट्टी मिळते का?

हिशेबनीस (धागाकर्ता)

एप्रिल संपत आला की मोठ्या दुकानांवर फलक झळकायला लागतात : 'महाराष्ट्र दिनानिमित्त खास सूट'. कपडे, टीव्ही-फ्रीज, चपला, मोबाइल, सगळीकडे तेच. सूट द्यावी, माल विकावा, त्यात गैर काही नाही. मला बोलायचं आहे ते त्या फलकाखाली दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसांबद्दल.

दुकानांचे हिशेब आणि पगारपत्रकं बघणं हा माझा व्यवसाय. एका कापड दुकानाचे कागद तपासताना हजेरीपट हातात आला. १ मे च्या रकान्यात सगळ्या नावांपुढे लाल शाईत 'सु' लिहिलेलं. त्याच तारखेच्या बिलांचा गठ्ठा मात्र त्या महिन्यातला सगळ्यात जाड. पहिलं बिल सकाळी दहाच्या सुमाराचं, शेवटचं रात्री साडेनऊनंतरचं, आणि प्रत्येक बिलावर सेल्समनचा नंबर. हजेरीपटाप्रमाणे जी माणसं घरी होती, तीच बिलांप्रमाणे दिवसभर ठाणं सोडवत होती. जादा पगाराचा रकाना कोरा, बदली सुट्टीची कुठे नोंद नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले, "सगळेच असं लिहितात. तपासणीला कागद बरोबर दिसला म्हणजे झालं." ते काम मी सोडून दिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. तो कामगाराला वर्षात आठ पगारी सुट्ट्या देतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि आणखी चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावता येतं, त्याला बंदी नाही. पण मग दुप्पट पगार आणि शिवाय दुसऱ्या एखाद्या दिवशी सुट्टी, दोन्ही द्यायचं. याच कायद्याने दुकान ३६५ दिवस उघडं ठेवायची मुभाही दिली. १९४८ च्या जुन्या कायद्यात दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावंच लागायचं. मालकांनी नव्या कायद्यातली मुभा पहिल्याच दिवशी उचलली, आणि तिच्याबरोबर आलेली जबाबदारी बहुतेकांना आजही माहीत नाही, किंवा माहीत असून नको आहे.

ही सुट्टी कुणी खैरात म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यात रविवारची सुट्टी मागितली होती. ती मिळायला १० जून १८९० उजाडावं लागलं. त्याआधी गिरणीत सुट्टी ठरायची ती मालकाच्या मर्जीने. आज दुकानात परत तेच चाललंय.

दुकानं बंद ठेवा असं मी म्हणत नाही. उघडी ठेवायची तर त्या दिवसाची नोंद खरी करा आणि दुप्पट पगार मोजा. ज्याला हे परवडत नाही त्याने १ मे ला शटर खाली ठेवावं. तुमचं मत काय?

गल्ल्यावरून

धागा वाचला. मी भांड्यांचं दुकान चालवतो, वडिलांपासूनचं आहे. मला हे एकतर्फी वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे गिऱ्हाईक येतं कधी? नोकरदार माणूस भांडी घ्यायला मंगळवारी दुपारी येत नाही. तो येतो रविवारी आणि सरकारी सुट्टीला, बायकोपोरांना घेऊन. त्या एका दिवसात आमची आठवड्याची कसर भरून निघते. ज्या दिवशी गिऱ्हाईक मोकळं असतं, त्या दिवशी दुकानदाराने मोकळं राहायचं म्हणजे दोघांचंही नुकसान.

दुसरं. तुम्ही सांगितलेला कायदा झाला तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असलेल्यांसाठी होता. २०२५ मध्ये ती मर्यादा वीसवर न्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. माझ्याकडे चार माणसं आहेत, म्हणजे मी त्या सुट्ट्यांच्या कलमात कधी नव्हतोच. तरी माझ्याकडचा सगळ्यात जुना माणूस मुलीच्या लग्नाला महिनाभर गावी गेला, त्याचा एक दिवसाचा पगार कापला नाही. पंढरीची वारी करणारा एक आहे, तो दर आषाढीला जातो. हे कुठल्याही रजिस्टरमध्ये सापडणार नाही.

तिसरं, मोबाइलवरून दहा मिनिटांत माल घरपोच देणारे १ मे ला बंद असतात का? त्यांची पोरं त्या दिवशी उन्हात जास्तच पळतात. मी शटर खाली ओढलं तर माझा माणूस घरी बसेल आणि माझं गिऱ्हाईक त्यांच्याकडे जाईल. मग पुढच्या वर्षी चारऐवजी तीन माणसं ठेवावी लागतील.

उभी दिवसभर

मी मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात आहे. दोघांनीही आमच्याबद्दल लिहिलंय, म्हणून आमच्यातलं कुणीतरी लिहायला हवं.

हिशेबनीस साहेब, तुमचं म्हणणं कायद्याने बरोबर असेल, पण १ मे ची सुट्टी मला नको. खरंच नको. त्या दिवशी मुलांच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टीच असते, नवऱ्याची पाळी असते, बाहेर पाय ठेवता येत नाही इतकं ऊन असतं. घरी बसून मी काय करू? मला सुट्टी हवी असते ती गावच्या जत्रेला. आणि गौरी जेवणाच्या दिवशी. त्या दोन्ही वेळेला आमच्याकडे सेल असतो आणि रजा बंद असते. सुपरवायझर सरळ ग्रुपवर टाकतात, 'या तारखांना कुणीही रजा मागू नये.' गौरीच्या दिवशी मी रात्री दहाला घरी पोचते, तेव्हा सासूबाईंनी पाटावरचं सगळं आवरलेलं असतं.

दुप्पट पगार मी आजवर पाहिलेला नाही. मिळाला तर १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, सगळ्या दिवशी आनंदाने उभी राहीन. फक्त चार दिवस माझे मला निवडू द्या.

हिशेबनीस

ताई, तुम्ही जे मागताय तेच त्या कायद्यात आहे. उरलेल्या चार सुट्ट्या कामगारांशी बोलून ठरवायच्या आहेत, गौरी आणि जत्रा त्यात बसतात. होतं असं की डिसेंबरमध्ये हे बोलणंच होत नाही. मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असतं, तिथून छापील यादी येते, आणि यादीत गौरी जेवण नसतं कारण यादी करणाऱ्याला ते काय असतं हे माहीत नाही.

गल्ल्यावरून, तुमच्या माणसाला महिन्याचा पगार न कापता दिलात, हे मोठं काम आहे आणि मी ते मनापासून मानतो. पण ती रजा त्याला तुमच्या चांगुलपणामुळे मिळाली. उद्या गल्ल्यावर तुमचा मुलगा बसेल, तो तसाच असेल कशावरून? शेजारच्या दुकानातल्या माणसाने कुणाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवायचा? माझं भांडण यासाठीच आहे.

मोसमकाठ

मालेगावहून. इथले यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. रविवारी खडखडाट चालू, शुक्रवारी गाव शांत आणि बाजार भरलेला. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत गुरुवार असतो. तेव्हा सगळ्या राज्याला एकच दिवस लावायचा आग्रह मला पटत नाही. गावाने आपली घडी आपण बसवलेली असते.

पण मुद्दा वेगळा मांडायचा आहे. सुट्टी मिळाली की कामगार सुखी झाला, हे इथे बसून म्हणता येत नाही. मागावरच्या माणसाला पगार नसतो, विणलेल्या कापडावर मजुरी असते. माग बंद, मजुरी बंद. १ मे ला कामगार दिनाचं भाषण होतं, लाल झेंडा लागतो, आणि त्या दिवशी ज्याच्या नावाने हे सगळं चालतं त्याच्या घरात एक दिवसाची मजुरी कमी येते. ईदच्या सुट्टीचंही तसंच. सणाचा खर्च वाढतो त्याच आठवड्यात कमाई घटते. पगारी सुट्टी हे वाक्य ज्यांना पगार आहे त्यांच्यापुरतं आहे. आठ दिवसांचा हिशेब मांडताना आधी हे लोक मोजा, मग मॉलवाले.

एक चांगली गोष्टही सांगतो, कारण सुट्टी म्हटलं की भांडणच आठवतं. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आली. मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने २९ ला सुट्टी जाहीर केली. २०२४ मध्ये मुंबईत १६ सप्टेंबरची सुट्टी १८ ला नेली, २०२५ मध्ये ५ ची ८ ला. आधी लोकांनी आपसात ठरवलं, आदेश नंतर निघाला. सुट्ट्या अशा ठरल्या तर मला त्यात राम वाटतो.

कांदाचाळ

तुमच्या चर्चेत शेतकरी कुठेच नाही. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्या दिवाळीत आठवडा-आठवडा बंद राहतात. शिवाय साप्ताहिक सुट्टी, बँकेला सलग सुट्टी आली की रोकड नाही म्हणून लिलाव बंद. अमावस्येला लिलाव न करण्याची प्रथा तर कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं चालली. व्यापाऱ्याला सुट्टी, हमालाला सुट्टी, समितीच्या कर्मचाऱ्याला पगारी सुट्टी. चाळीतल्या कांद्याला कोण सुट्टी देणार? तो सडतच असतो. बाजार उघडतो त्या दिवशी ट्रॅक्टरची रांग गावाबाहेर जाते आणि भाव पडतो, कारण आठवड्याची आवक एका दिवसात आलेली असते.

मला कुणाच्या सणाचा राग नाही. आमच्याही घरी दिवाळी असते. पण 'समाजाने सुट्टी पाळावी' असं म्हणताना त्या सुट्टीची किंमत कोण भरतो ते बघा. आमच्याकडे ती दरवेळी माल आणणाराच भरतो. माझं मत, बाजार समिती सलग तीन दिवसांपेक्षा जास्त बंद नको. पाळ्या लावा, निम्मे लोक आज, निम्मे उद्या.

गल्ल्यावरून

कांदाचाळ यांच्याशी पूर्ण सहमत. चालू ठेवा आणि पाळ्या लावा, हेच मी दुकानाबद्दल म्हणतोय.

हिशेबनीस

पाळ्यांना माझी ना नाहीच. मात्र कांदाचाळ यांनी हमालाचं नाव व्यापाऱ्याच्या शेजारी घेतलं, तिथे एक गोष्ट सांगायला हवी. हमालाला आज जी भरपगारी सुट्टी आणि भविष्य निर्वाह निधी आहे, ती १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यामुळे. मजुरीवर लेव्ही, म्हणजे वरची ठराविक आकारणी बसते, ती माल उतरवून घेणारा माथाडी मंडळाकडे भरतो, आणि त्यातून रजेचे पैसे निघतात. म्हणजे रोज वेगळ्या मालकाकडे, वजनावर काम करणाऱ्या माणसालाही पगारी सुट्टी देता येते, हे महाराष्ट्राने पन्नास वर्षांहून जास्त काळ करून दाखवलंय. मोसमकाठ, मागावरच्या माणसासाठी हीच वाट का नसावी? कापडाच्या दर मीटरमागे थोडी लेव्ही आणि वर्षातल्या आठ दिवसांची सरासरी मजुरी. घरपोच माल देणाऱ्या पोरांनाही हे लावता येईल, त्यांची तर प्रत्येक फेरी मोबाइलवर नोंदलेली असते.

मोसमकाठ

कागदावर छान आहे. इथे एका शेडमध्ये मालक एक, माग भाड्याने चालवणारा दुसरा, सूत देणारा व्यापारी तिसरा. लेव्ही कुणी भरायची यावरच दहा वर्षं जातील. तरी माथाडीचं उदाहरण बरोबर आहे, ते मी इथल्या लोकांसमोर ठेवीन.

नेकारकाठ

जर्मनीतल्या श्टुटगार्टहून लिहितेय. इथे रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला दुकानं बंद म्हणजे बंद. रविवार आणि सणाचे दिवस विश्रांतीचे म्हणून राज्यघटनेतच राखलेले आहेत. पेट्रोल पंप, स्टेशनवरची दुकानं, सकाळी काही वेळ बेकऱ्या, एवढंच चालू. १ मे ला इथेही सुट्टी असते, सकाळी कामगार संघटनांच्या सभा आणि मग लोक घोळक्याने रानात फिरायला जातात. आम्हा मराठी लोकांना एक सोय अशी की गणपती दरवर्षी शनिवार-रविवारवर ढकलावा लागतो, पण महाराष्ट्र दिन त्याच्या तारखेला साजरा करता येतो.

सुरुवातीला शनिवारी रात्री दूध संपलं की जीव जायचा. आता लोक शनिवारीच सामान भरून ठेवतात, गिऱ्हाईकाला सवय लागते. म्हणून 'गिऱ्हाईक सुट्टीलाच येतं' हे मला पूर्ण पटत नाही. सगळीच दुकानं बंद असतील तर गिऱ्हाईक पळून जाणार कुठे? एकट्याने बंद ठेवायचं म्हटलं की नुकसान दिसतं.

गल्ल्यावरून

ताई, तुमच्याकडे शनिवारी निवांत सामान भरायला माणसाकडे शनिवार असतो. इथे माझं निम्मं गिऱ्हाईक सहा दिवस काम करतं आणि सातव्या दिवशी बाजारात येतं. त्या माणसाचा बाजाराचा दिवस काढून घ्यायचा, तर आधी त्याला दुसरा द्या. आणि 'सगळीच बंद' हे ऐकायला बरं वाटतं, पण आमच्या रस्त्यावर व्यापारी संघाने सोमवार बंद ठरवलेला आहे, त्याचीच काय अवस्था आहे ते येऊन बघा. मोठी दालनं उघडी, आम्ही लहान बंद.

कलम पंचवीस

बँकेत आहे, म्हणून सुट्ट्यांवरून सगळ्यात जास्त बोलणी आम्ही खातो. सरकार जी वर्षाची यादी काढतं ती १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या (चेक-हुंडीचा कायदा, इंग्रजीत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम २५ खाली. साधारण दोन डझन दिवस. त्या यादीचा खाजगी दुकानदाराशी थेट संबंध नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पेपरात 'सार्वजनिक सुट्टी जाहीर' असं छापून येतं आणि दुकानातल्या माणसाला वाटतं आपल्यालाही मिळाली.

मला वाटतं दोन डझन फार होतात. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर सिल्व्हासाचं प्रकरण आलं होतं. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीचा दिवस २ ऑगस्ट, त्याची सुट्टी प्रशासनाने बंद केली म्हणून याचिका झाली. सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, असं न्यायालयाने सांगितलं, आणि सुट्ट्या आधीच इतक्या आहेत की आता कमी करायची वेळ आली असावी, असंही म्हटलं. मी त्या मताचा आहे. आम्हाला चोवीस आणि दुकानातल्या बाईला आठही नाहीत, ही दरी मला खुपते. राज्य सरकारी कार्यालयांना तर २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. आमचे आणि सरकारी लोकांचे दिवस कमी करा, पण जे आठ आहेत ते शेवटच्या माणसापर्यंत पोचवा. नव्या जयंतीला नवी सुट्टी मागणाऱ्या संघटना या आठांसाठी कधी मोर्चा काढत नाहीत.

गेट नंबर दोन

सोसायटीचा सचिव आहे. आमच्याकडे १ मे ला आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन होतं, मुलांची भाषणं, मग वडापाव. सगळं नीट व्हावं म्हणून वॉचमन आणि सफाईच्या बायकांना त्या दिवशी तासभर लवकर बोलावतो. हा धागा वाचून समितीच्या बैठकीत विषय काढला की त्यांना जादा पैसे देऊ. दोन सभासद म्हणाले ते एजन्सीचे लोक आहेत, आपला संबंध नाही. एकीने विचारलं, मग आपल्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईचं काय, तिला तर आपणच ठेवलंय. त्यावर कुणी काही बोललं नाही. घरकामगारांसाठी २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण सुट्ट्यांची ही आठ दिवसांची तरतूद त्यांना लागू नाही.

एजन्सीच्या बिलात आम्ही आता सुट्टीच्या दिवसाचा वेगळा दर मागितलाय. तो माणसापर्यंत पोचतो की एजन्सीतच राहतो, हे कसं तपासायचं? हिशेबनीस, सांगाल का?

हिशेबनीस

एजन्सीकडून त्या महिन्याच्या पगारपत्रकाची आणि बँकेत पगार जमा झाल्याची प्रत मागा. बिलासोबत ती आल्याशिवाय पैसे सोडू नका, आणि करारात हे कलमच घाला. वॉचमनला स्वतःला विचारा, तो सांगेल. पोळीवाल्या मावशींचं मात्र कुणाच्या कागदावर येणार नाही, तिथे समितीने ठराव करून प्रत्येक घराने आठ दिवस पाळायचे, हाच मार्ग दिसतो.

कलम पंचवीस, तुमच्याशी निम्मा सहमत. वरच्यांचे दिवस कापले म्हणून खालच्यांना मिळतील असं कधी झालेलं मी पाहिलं नाही. आठांसाठी वेगळंच भांडावं लागेल.

उभी दिवसभर

मतदानाच्या सुट्टीचं कुणी लिहिलं नाही. ती तर सगळ्यांनाच असते ना, चार माणसांच्या दुकानातसुद्धा? नोव्हेंबर २०२४ ला आम्हाला दोन तास उशिरा यायची सवलत दिली होती. माझं मतदान गावाला. दोन तासांत कशी जाऊन येणार?

हिशेबनीस

हो, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५-ब. मतदार असलेल्या प्रत्येक कामगाराला भरपगारी सुट्टी, रोजंदारीवर असला तरी. दंड मात्र फक्त पाचशे रुपयांपर्यंत आहे, म्हणून कुणी घाबरत नाही. ताई, डिसेंबरच्या आधी तुमच्यातल्या दहा-बाराजणींनी सह्या करून चार दिवसांची यादी लेखी द्या, गौरी जेवण वर लिहून. मसुदा मी करून देतो, इथेच टाकतो, म्हणजे बाकीच्यांनाही वापरता येईल.

गल्ल्यावरून

मसुदा टाका, मीही वाचीन. दुकान मी १ मे ला उघडंच ठेवणार, त्यात बदल नाही. दुप्पट पगार चौघांना एकदम परवडणार नाही. दोघांना बोलावून दोघांना घरी ठेवलं, आणि आलेल्यांना दीडपट व दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली, तर तुमच्या हिशेबात ते बसतं का, तेवढं सांगा.

हिशेबनीस

घरी राहिलेल्या दोघांचा पगार कापू नका, आणि आलेल्यांना दुप्पटच द्या. कायदा तुम्हाला लागू नसला तरी दीडपट मी मान्य करणार नाही.